बसायला लागणारे आठ सेकंद

(दृश्य: लाकडी खुर्ची. एक बाई येते, बसते. खुर्ची करकरते.)

निवेदन: खुर्चीत बसणं ही काय शिकायची गोष्ट आहे? पण नीट बघा. अर्ध्या वाटेत तिनं अंग सोडून दिलं. उरलेलं काम खुर्चीनं केलं. आपण सगळेच असे बसतो.

आता हेच तिला आठ सेकंद घेऊन करायचंय.

(दृश्य: जवळून गुडघे, मग मांडी.)

एक, दोन. कंबर मागे जाते, गुडघे वाकतात. तीन, चार. इथवर ठीक. पाचव्या सेकंदाला मांडी थरथरायला लागते. मांडीचा पुढचा स्नायू लांबत चाललाय आणि लांबता लांबताच वजन पेलतोय. जिना उतरताना त्याला हेच काम पडतं. धपकन बसलं की या कामाचा पुरता सराव होत नाही.

(दृश्य: चेहरा.)

जबडा आवळलाय, श्वास कोंडलाय, खांदे पार कानांपाशी. बसायला खांदे कशाला लागतात? नाहीच लागत. पण एका जागी जड गेलं की सगळं अंग धास्तावतं, आणि निम्मी शक्ती त्या धास्तीतच खर्च होते.

(दृश्य: दुसरी फेरी.)

या वेळी पाचव्या सेकंदाला ती सावकाश श्वास सोडते. श्वास सोडताना हृदयाचे ठोके किंचित मंदावतात. शरीराची ही सोय जन्मापासूनच आहे. थरथर चालूच आहे. खांदे मात्र खाली आले. मनाची ताकद म्हटलं की आपल्याला काहीतरी भव्य आठवतं. इथे ती एवढीशी आहे: नको वाटतंय हे कळलं, तरी ती आणखी दोन सेकंद तिथेच राहिली.

(दृश्य: अनवाणी पाऊल. भिंतीजवळ, एका पायावर.)

डोळे मिटले तरी आपला हात कुठे आहे, पाय कुठे आहे, हे आपल्याला कळतं. स्नायूंमधली आणि सांध्यांमधली बारीक संवेदनाग्रं ही खबर मेंदूला सतत पुरवत असतात. ब्रिटिश शरीरशास्त्रज्ञ चार्ल्स शेरिंग्टन यांनी 1906 मध्ये या जाणिवेला ‘प्रोप्रिओसेप्शन’ असं नाव दिलं. नाव जिभेला जड आहे, पण तिचं काम बघायचं तर पावलाकडे बघा. 26 हाडांचं हे पाऊल. बोटं जमीन धरतात, सोडतात. घोट्यापाशी स्नायूंच्या दोऱ्या क्षणाक्षणाला उचलून येतात. वरून बाई स्थिर दिसते, खाली नुसती धांदल चाललीय.

आता डोळे मिटा म्हटलं, तर ही धांदल दुप्पट होते. म्हणून हाताशी भिंत हवीच. तिथे बहादुरी नको.

व्यायामाच्या पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते, तेव्हा स्नायू फारसे जाड झालेले नसतात. आहेत त्याच स्नायूंमधले तंतू जास्त संख्येनं आणि एकजुटीनं कामाला लावायला मज्जासंस्था शिकलेली असते. जोसेफ पिलाटीस यांनी आपल्या व्यायामपद्धतीला ‘कॉन्ट्रोलॉजी’ म्हटलं होतं, म्हणजे नियंत्रणाची विद्या. त्यांच्या आडनावानं ती पुढे जगभर ओळखली गेली. मला विचाराल तर जुनं नावच चपखल होतं.

(दृश्य: पुन्हा तीच खुर्ची. तिसरी फेरी.)

सहा. मांडी अजून थरथरतेय. सात. श्वास चालू आहे.

आठ.

(दृश्य: बाई बसलेली. खुर्चीचा आवाज नाही. निवेदन नाही.)