निळा शक्तिमान

नळदुर्गच्या अलीकडे, सोलापूर-हैदराबाद महामार्गापासून थोडं आत, एका बंद गॅरेजच्या मागं हा ट्रक उभा होता. उभा कसला, रुतलेला. चारही टायर बसलेले, रिमा काळ्या मातीत, आणि बंपर व रेडिएटरच्या मधून वेडी बाभळ वर आलेली. रंग निळा. दारावर पांढऱ्या अक्षरांत 'पिण्याचे पाणी'. येणारा-जाणारा म्हणेल, जुना टँकर आहे. पण ते गोल मडगार्ड, कापडी छपराची केबिन... ज्यानं एकदा पाहिलाय तो लांबून ओळखतो. लष्कराचा जुना ट्रक, शक्तिमान.

बीडचे एक फिटर मामा आणि त्यांचा भाचा हा ट्रक बघायला आले तेव्हा गॅरेजच्या मालकाकडे आधीच एक गिऱ्हाईक येऊन गेलं होतं. भंगारवाला. त्यानं किलोचा भाव सांगितला होता. गॅस कटरनं तुकडे करायचे, गाडीत भरायचे आणि जालन्याला धाडायचे. जालन्याच्या भट्ट्यांत भंगार वितळतं आणि सळई होऊन बाहेर पडतं. मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या गाड्या आज कुणाच्या तरी स्लॅबमध्ये, कॉलममध्ये उभ्या आहेत. त्यात वाईट काही नाही. पण हा ट्रक त्या वाटेनं जाऊ नये, असं भाच्याला वाटलं. मामांना नक्की काय वाटलं, ते त्यांनी लगेच सांगितलं नाही. ते खाली वाकून चासी नंबर शोधत होते.

कारण मामांच्या मते गाडी घ्यायची म्हणजे आधी कागद घ्यायचे.

लष्करातून बाद झालेली गाडी लिलावात निघते. आता एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या संकेतस्थळावर ई-लिलाव होतो. पूर्वी डेपोच्या आवारात बोली लागायची. गाड्या बहुधा लॉटनं जातात, म्हणून एकट्यादुकट्या हौशी माणसाचा तिथं निभाव लागत नाही. मोठे व्यापारी लॉट उचलतात आणि पुढं एकेक गाडी विकतात. नोंदणीच्या नियमांत माजी लष्करी गाड्यांसाठी खास तरतूद आहे: संबंधित लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेलं फॉर्म 21 मधलं मूळ विक्री प्रमाणपत्र लागतं. ते असेल तर गाडी. नसेल तर नुसतं लोखंड, मग इंजिन कितीही गोड वाजू दे.

इथं प्रमाणपत्र नव्हतं, पण पहिल्या मुलकी मालकाचं आरसी बुक होतं, म्हणजे नोंदणी एकदा झालेली होती. कडा वाळवीनं खाल्लेलं, नंबर मात्र वाचता येत होता. मामांनी तारेच्या ब्रशनं चासीवरचा गंज उडवला, खडू फिरवला आणि एकेक अक्षर ताडून पाहिलं. जुळलं. पासिंग कधीचंच संपलेलं, कर थकलेला. मालक भंगाराच्या भावापेक्षा थोडं जास्त घेऊन तयार झाला. चहा आला, पैसे दिले, बाभळीवर कोयता चालला.

[पडद्यावर: शक्तिमानची जुनी छायाचित्रं]

या रस्त्याला लष्कराच्या गाड्या नव्या नाहीत. 13 सप्टेंबर 1948 रोजी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय फौज सोलापूरकडून निजामाच्या राज्यात शिरली ती इथूनच. नळदुर्गजवळचा बोरी नदीवरचा पूल ताब्यात घेणं ही पहिल्या दिवसाची मोठी निकड होती. हैदराबादची वाट त्यावरूनच जात होती. औरंगाबाद, जालन्याच्या बाजूनं दुसऱ्या तुकड्या आल्या आणि चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं. तेव्हा शक्तिमान मात्र नव्हता. लष्कराची भिस्त होती दुसऱ्या महायुद्धातल्या विदेशी बनावटीच्या गाड्यांवर, आणि त्यांचे सुटे भाग मिळवणं वर्षागणिक अवघड होत चाललं होतं.

त्यातूनच पन्नासच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीच्या मान कंपनीशी करार झाला आणि जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीत हा ट्रक तयार होऊ लागला. 1969 मध्ये जबलपूरलाच वेगळा वाहन कारखाना उभा राहिला. चारही चाकांना ताकद देणारा, डिझेलवर चालणारा हा ट्रक 1996 पर्यंत बनत राहिला. 1965 आणि 1971 ची युद्धं त्यानं पाहिली. पुढं अशोक लेलँडचा स्टॅलियन आला आणि शक्तिमान हळूहळू लिलावाकडे निघाले.

लिलावातून सुटलेल्यांचं काय झालं, हे कुठल्या संग्रहालयात दिसत नाही. ते महामार्गाच्या कडेला दिसतं. अपघातातली गाडी उचलणारी क्रेन बघा, तिच्या बुडाशी कितीदा शक्तिमानची चासी निघते. आमचा हा निळा गडी टँकर झाला. दुष्काळात विहिरीच्या काठापर्यंत, नदीच्या वाळूत, रस्ता नसलेल्या वस्तीवर भरलेली टाकी घेऊन जायची, तर पुढच्या चाकांना ताकद असलेला ट्रक लागतो. 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, 10 डब्यांत 5 लाख लिटर पाणी, आणि देशभरच्या कॅमेऱ्यांनी ती टिपली. टँकरच्या खेपा त्याआधी कित्येक उन्हाळे चालूच होत्या. त्यांच्या स्वागताला कुणी आलं नाही, हंड्यांची रांग तेवढी असायची.

आता ट्रक हलवायचा.

भाच्याचं म्हणणं होतं, टोचन करून नेऊ. जाडजूड दांडा लावायचा, पुढं दुसरा ट्रक, आणि आपल्या ट्रकच्या स्टेअरिंगवर एक माणूस. मामांनी एका वाक्यात विषय संपवला: "आरं, ज्याचं ब्रेकच नाही त्याला मांजरसुंब्याच्या घाटात कोण आवरणार, तू?"

आणि ब्रेक नव्हते असंही नाही. होते ते गच्च धरलेले. मागचं डावं चाक ड्रमला गंजून असं चिकटलं होतं की पहारीनंही हलेना. बत्ती लावून ड्रम तापवला, घणाचे हलके ठोके कडेनं देत गेले, मध्ये मध्ये डिझेल सोडलं. घण जोरात मारायचा नाही. ओतीव लोखंड तडकतं, आणि नवा ड्रम कुठं मिळणार? चाक सुटलं तेव्हा आतून मूठभर लाल भुकटी पडली. एवढेच काय ते लायनर उरले होते.

इंजिनाची ताकद चाकांपर्यंत नेणारा दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्टही सोडून घेतला. इंजिन जाम असताना चाकं फिरली आणि चुकून गिअर पडलेला असेल तर काहीतरी तुटणारच. पुढच्या धुरीचा (ॲक्सलचा) शाफ्ट आधीच गायब होता. टँकरवाल्यानं कधीतरी काढून ठेवला असणार. डांबरी रस्त्यावर तो नुसता झिजतो आणि डिझेल खातो.

लोबेड आली, म्हणजे अवजड माल नेणारी बुटकी ट्रेलर गाडी, मागून हायड्रा, फिरती क्रेन. हायड्रावाला म्हणाला, चासीला पट्टे टाकून सरळ उचलतो. मामा नको म्हणाले. इतकी वर्षं जमिनीवर टेकलेल्या गाडीचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या), शॅकल, पिना कशा आहेत कुणाला ठाऊक; उचलताना धुरीच निसटून लोंबायची. म्हणून हायड्रानं फक्त तोंड धरलं आणि लोबेडच्या उतरत्या फळ्यांवरून ट्रक विंचनं ओढून घेतला. फळ्यांना ग्रीस नाही, पाणी नाही, वर माती टाकलेली. टायर बसलेले असले तरी रिम फिरली. फिरली, हे महत्त्वाचं.

बांधणीवर सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि आम्हाला वाटतं तो या चित्रीकरणातला सर्वांत बघण्यासारखा भाग आहे. साखळ्या चासीला बांधल्या तर गाडी पाट्यांवर खालीवर होते, प्रत्येक खड्ड्याला साखळी सैल पडते आणि एखाद्या वळणावर हिसका बसून तुटते. म्हणून साखळी धुरीला. पुढून दोन, मागून दोन, एकमेकींना छेदून, म्हणजे गाडी आडवीही सरकत नाही. धुरी आणि चासीच्या मध्ये बाभळीचे ठोकळे ठोकले, पाट्यांचं उसळणं बंद. चाकांना पुढून-मागून गुटके. बोनेट दोरीनं आवळलं. दार निखळून पडेल म्हणून काढून केबिनमध्ये ठेवलं, गोधडीत गुंडाळून.

तुळजापूर, धाराशिव, येडशी. पहिल्याच थांब्याला साखळ्या पुन्हा ताणल्या. लाकूड दबतं, त्यामुळे सुरुवातीला साखळ्या सैल होणारच. उसाचा हंगाम असल्यानं ट्रॅक्टरच्या जोडट्रॉल्या अर्धा रस्ता धरून चाललेल्या. ढाब्यावर माणसं भोवती जमली. एकानं विचारलं, मिलिट्री आली का? दुसऱ्यानं विचारलं, कितीला घेतली, आणि आकडा ऐकून तिसरा म्हणाला, एवढ्यात चांगली म्हैस आली असती. मांजरसुंब्याचा घाट खालच्या गिअरमध्ये उतरलो. त्याबद्दल सांगण्यासारखं काही घडलं नाही, हेच बरं.

खरी पंचाईत बीडमध्ये, मामांच्या गल्लीच्या तोंडाशी. विजेच्या तारा खाली लोंबणाऱ्या आणि लोबेडवरचा ट्रक उंच. वीज बंद करून घेतली, एक जण गच्चीवरून कोरड्या बांबूनं तार उचलून धरत राहिला, आणि खाली अर्धा मोहल्ला एकाच वेळी 'येऊ द्या, येऊ द्या' ओरडत होता. लोबेडच्या ड्रायव्हरनं फक्त मामांच्या हाताकडे पाहिलं. शहाणा माणूस.

[पडद्यावर: रंग खरवडताना हात]

ट्रक अंगणात उतरल्यावर भाच्यानं पहिलं काम केलं ते दार खरवडण्याचं. निळ्याखाली पांढरा निघाला, पांढऱ्याखाली लुकण, आणि त्याखाली हिरवा. तो ओळखीचा, मळका, लष्करी हिरवा. बंपरवर वर तोंड केलेला बाण दिसला आणि त्यापुढं 78. लष्करी नंबरात बाणानंतरचे दोन आकडे गाडी कुठल्या सालची ते सांगतात. मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्यावर पांढऱ्या रंगाची खपली होती. रात्री ताफ्यात चालताना मोठे दिवे लावायचे नसतात. मागून येणाऱ्याला एवढा पांढरा गोळा दिसावा म्हणून त्यावर बारीकसा दिवा सोडलेला असतो.

भाचा हरखला. म्हणाला, "मामा, पुन्हा तसाच हिरवा करायचा. बाणासकट."

इथं कायदा आडवा येतो. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधला नियम 121 सांगतो की संरक्षण खात्याच्या गाड्यांखेरीज दुसऱ्या कुठल्याही गाडीला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. म्हणजे ट्रक हुबेहूब मूळचा केला तर तो रस्त्यावर आणायचा नाही, आणि रस्त्यावर आणायचा तर हुबेहूब करायचा नाही. 2021 मध्ये विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आले, पण ते 50 वर्षांपुढच्या, वैयक्तिक वापराच्या दुचाकी-चारचाकींसाठी. हा मालवाहू, आणि वयानंही अजून कमी.

मामांना याचं वाईट वाटल्याचं दिसलं नाही. तरुणपणी त्यांनी अशाच टँकरांचे पाटे भरले होते, पंप बसवले होते. त्यांचं मत आहे की सैन्यानं हा ट्रक जितका वापरला त्याहून जास्त तो इथं राबला, मग निळा का खरवडायचा? भाचा म्हणतो, टँकर काय हजार आहेत, शक्तिमान किती उरले? दोघांचंही पटण्यासारखं आहे. आमचा कल मामांकडे आहे, हे लपवत नाही.

सध्या दोन्ही दारं भिंतीला टेकवून ठेवली आहेत. एक खरवडलेलं, एक 'पिण्याचे पाणी' लिहिलेलं. नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑईल सोडलंय. रोज सकाळी मामा फ्लायव्हीलला पहार लावून बघतात. परवा ते बोटभर हललं. जबरदस्ती केली नाही, तिथंच थांबले. रॉड वाकली तर नवी जबलपूरहून येईपर्यंत दिवाळी उजाडायची. रेड ऑक्साईडचे डबे आणलेत, हौद्याची कुजलेली फळकुटं काढून झालीत, पुढच्या धुरीचा शाफ्ट एका क्रेनवाल्याकडे असल्याचं कळलंय, आणि तो शाफ्टसोबत अख्खी क्रेन घ्या म्हणतोय.