दार उघडं ठेवलं, तरी

(ठाण्यात बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, पालकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शालोम. मी इस्राएलमध्ये धार्मिक घरांतल्या लहान मुलांना शिकवते. कुणी नको तिथे हात लावला तर काय करायचं, कुणाला सांगायचं, हे.

मेलबर्नमध्ये अतिशय कर्मठ वळणाची मुलींची एक शाळा होती. तिची मुख्याध्यापिका माल्का लायफर. २००८ मध्ये तिच्याविरुद्ध तक्रारी पुढे आल्या आणि ती घाईघाईनं इस्राएलला निघून आली. तिला परत पाठवायचं की नाही यावर येरुशलेमच्या कोर्टात ७० हून जास्त तारखा पडल्या. २०२१ मध्ये तिला ऑस्ट्रेलियाच्या ताब्यात दिलं आणि २०२३ मध्ये तिला दोन विद्यार्थिनींवरच्या अत्याचारासाठी १५ वर्षांची शिक्षा झाली. मुली तोवर पस्तिशीच्या आसपास पोचल्या होत्या.

या खटल्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आपल्याकडे यिखुदचा नियम आहे. परक्या बाईनं आणि पुरुषानं बंद खोलीत एकटं राहायचं नाही, दार उघडं ठेवायचं. हा नियम आपण जिवापाड पाळतो आणि समजतो की मुलं सुरक्षित आहेत. पण लायफर बाई होती. मुलीही मुलीच. नियम कुठे मोडलाच नाही! आणि शरीराबद्दल त्या मुलींशी घरीदारी कुणी कधी बोललंच नव्हतं. जे चाललंय ते काय आहे, हेच त्यांना कळत नव्हतं. मेलबर्नच्या कोर्टातही हे मांडलं गेलं. त्झनियुत, म्हणजे मर्यादा, मलाही प्रिय आहे. पण अवयवाचं नाव घ्यायचीच चोरी असेल, तर लेकरू तक्रार कोणत्या शब्दांत करणार?

मग मोठी माणसं म्हणतात, बाहेर बोलू नका, ते लाशोन हारा होईल, चहाडी होईल. पोलिसांत गेलं तर मसीरा, आपल्याच माणसाला परक्यांच्या हाती देणं. आणि हळूच म्हणतात, पोरीचं लग्न जमेल का? हे शेवटचं भय सगळ्यात मोठं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मी त्यांच्यासमोर वायिक्रा, तोरातलं तिसरं पुस्तक, उघडते, १९:१६. ‘आपल्या लोकांत चहाड्या करत फिरू नकोस’ असं तिथे आहेच. त्याच ओळीत पुढे आहे, ‘शेजाऱ्याच्या रक्ताजवळ नुसता उभा राहू नकोस.’ अर्धी ओळ वाचून पुस्तक मिटायची सवय आपल्याला लागली आहे. इस्राएलचा कायदा १९८९ पासून सांगतो की मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानंच अत्याचार केल्याचा रास्त संशय आला, तरी कळवणं बंधनकारक आहे. तुमच्याकडेही २०१२ चा पॉक्सो कायदा तेच सांगतो. तुमच्याकडचा १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर मुलांना पाठ हवा.

घरात काय करायचं? शब्बाथच्या, आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणाला पाहुणे येतात, आजी म्हणते, “काकांना पापी दे.” मूल आईमागे लपतं आणि आपण त्याला पुढे ढकलतो. तेव्हा ढकलू नका. “राहू दे, लांबूनच शब्बाथ शालोम म्हण,” एवढं आईनं पाहुण्यांदेखत म्हटलं तर मुलाला कळतं की आपल्या ‘नको’ला घरात किंमत आहे. पाहुणा रुसला तर रुसू दे. मात्र राखण करायचं काम लेकरावर सोपवू नका. ते आपलं आहे. लेकरानं फक्त येऊन सांगायचं, आणि आपण “तूच काहीतरी केलं असशील” हे वाक्य मरेपर्यंत तोंडातून काढायचं नाही.

मागच्या वर्षी वर्गात सात वर्षांची एक मुलगी बाकाची कड नखानं खरवडत बसली होती. सगळ्या गेल्यावर जवळ आली आणि विचारलं, “आणि शब्बाथला झालं तर? फोनला हात लावायचा नसतो ना?”

मी खाली बसले. तिला पिकुआख नेफेश समजावलं. जीव वाचवायला शब्बाथ मोडावाच लागतो, हा आपल्याच धर्माचा हुकूम आहे. “शब्बाथला लावायचा,” मी म्हटलं. “योम किप्पुरला, वर्षातल्या सगळ्यात पवित्र दिवशीसुद्धा लावायचा.”

तिनं तिथला मदतीचा नंबर पुन्हा एकदा म्हणून दाखवला. मग मी विचारलं, “आज सांगायचंय का काही?” आणि दप्तर खाली ठेवून ती माझ्याशेजारी बसली.