छापखाना आला १४५० मध्ये, मग वर्तमानपत्र १६०५ मध्ये का?

नमस्कार मंडळी! पत्रकार दिनाला 'दर्पण'वर व्हिडिओ केला होता, त्याखाली एकच वाक्य इतक्या जणांनी लिहिलंय की आज त्यावरच बोलायचं ठरवलं. वाक्य असं: "गुटेनबर्गनं छापखाना काढला आणि युरोपात वर्तमानपत्रं सुरू झाली." स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्येही हेच असतं म्हणे. मला या वाक्याचा मनापासून राग येतो, कारण खरी गोष्ट त्या 'आणि'मध्ये गडप होते.

तारखा पटकन सांगते. गुटेनबर्ग, जर्मनीतलं माइन्झ, साधारण १४५०. पहिलं छापील साप्ताहिक 'रेलात्सिओन', स्ट्रासबुर्ग, १६०५. काढणारा योहान कारोलुस. मध्ये दीडशे वर्षं! यंत्र होतं, कागद होता, शाई होती, वाचणारेही होते. मग कमी काय होतं?

टपाल. नेमलेल्या दिवशी येणारं टपाल.

आता लगेच कोणीतरी म्हणेल, "ताई, बातम्या तर आधीही छापायचे." छापायचेच! कोलंबसचं पत्र १४९३ मध्ये बार्सिलोना, रोम, पॅरिस, बाझेल असं ठिकठिकाणी छापलं गेलं आणि खपलं. लढाई झाली, पूर आला, धूमकेतू दिसला की पत्रक निघायचं. पण त्या पत्रकाला पुढचा अंक नव्हता. काही घडलं तर छापायचं, नाही घडलं तर नाही. काही घडो न घडो, ठरलेल्या दिवशी अंक काढायचाच, हे वर्तमानपत्राचं काम. त्यासाठी ठरलेल्या दिवशी मजकूर हातात पडायला हवा आणि तो छापखाना आणून देत नाही.

आणून देत होते टॅक्सिस घराण्याचे घोडेस्वार. १४९० च्या सुमारास त्यांनी इन्सब्रुकपासून आजच्या बेल्जियमपर्यंत टपालाचा मार्ग बसवला. ठरावीक अंतरावर चौकी, तिथं ताजा घोडा, की थैली पुढे. हळूहळू हे टपाल नेमलेल्या वारी सुटायला लागलं, व्यापारी आणि सामान्य लोकही पैसे भरून पत्रं पाठवायला लागले. म्हणजे व्हेनिसची, रोमची, प्रागची खबर दर आठवड्याला येणार याची खात्री झाली.

हेच दुसऱ्या बाजूनं बघा. नियमित बातमीपत्रं छापील अंकाच्या आधीपासून होती आणि ती हातानं लिहिलेली होती! आउग्सबुर्गच्या फुगर सावकारांच्या घरात १५६८ ते १६०५ या काळातल्या अशा बातमीपत्रांचा संग्रह झाला. त्याचे २७ खंड आज व्हिएन्नाच्या ग्रंथालयात आहेत. छापील काही नाही, फक्त टपाल आणि लेखणी. कारोलुसचाही धंदा तोच होता, श्रीमंत गिऱ्हाइकांना हस्तलिखित बातमीपत्रं पुरवायची. नकला करण्यात फार वेळ जातो म्हणून त्यानं ती छापायला घेतली, असं त्यानं स्वतःच नगरपरिषदेला अर्जात लिहिलंय. दुसऱ्या कोणी आपला मजकूर छापू नये म्हणून संरक्षण मागत होता, ते त्याला मिळालं नाही. पण त्या अर्जामुळेच आज १६०५ हे साल सांगता येतं, कारण त्याचे हाती असलेले सर्वांत जुने अंक १६०९ चे आहेत.

आणि ते अंक उघडून बघाच. मथळे नाहीत, अग्रलेख नाही, महत्त्वाची बातमी वर असंही नाही. 'व्हेनिस, अमुक तारीख', 'प्राग, तमुक तारीख', जशी थैली आली तसा मजकूर. गॅलिलिओच्या दुर्बिणीची बातमीसुद्धा अशीच व्हेनिसच्या टपालात बसलीय. मला हे पान फार आवडतं. टपालाचं वेळापत्रकच छापल्यासारखं दिसतं ते.

माझं आजोळ कोकणात. तिथं मुंबईचा पेपर संध्याकाळच्या एसटीनं यायचा. पावसात घाट बंद झाला की पेपर नाही. छापलेला असायचा हो, गठ्ठे बांधून तयार! पण आजोबांच्या हातात नाही, म्हणजे त्यांच्यासाठी त्या दिवशी पेपर निघालाच नाही.

तरीही पटत नसेल तर पेपर कोण काढत होतं ते बघा. अमेरिकेत १७०४ मध्ये 'बॉस्टन न्यूज-लेटर' काढणारा जॉन कॅम्पबेल कोण? बॉस्टनचा पोस्टमास्तर. बातमी आधी त्याच्याच टेबलावर यायची. आठवड्याला सहा अंक काढणारं पहिलं दैनिक १६५० मध्ये लाइपझिगला निघालं, तेही जत्रांचं, व्यापाराचं, टपालवाटा एकत्र येणारं शहर.

एका दादांनी विचारलंय, "याचा भारताशी काय संबंध?" चांगला प्रश्न आहे. १७८० मध्ये कलकत्त्यात जेम्स ऑगस्टस हिकीनं 'बेंगॉल गॅझेट' काढलं आणि कंपनीच्या बड्या लोकांवर सडकून लिहिलं. वॉरन हेस्टिंग्जच्या सरकारनं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पहिला घाव छापखान्यावर घातला नाही. त्याचा पेपर टपालातून न्यायला बंदी केली. हिकीनं स्वतःची माणसं लावून शहरात अंक वाटले. छापखाना जप्त झाला तो नंतर, १७८२ मध्ये. हिकीवर वेगळा व्हिडिओ हवा असेल तर खाली लिहा, खटल्यांसकट सगळं सांगते.