नॅनोकॅरिअरमध्ये औषध भरता येतं हो, ते आत टिकतं का ते सांगा!

नमस्कार मंडळी. इम्युनोथेरपीवरच्या, म्हणजे आपल्याच रोगप्रतिकारक (इम्युन) पेशींना कॅन्सरशी लढायला लावणाऱ्या उपचारावरच्या व्हिडिओखाली एकच प्रश्न परत परत येतोय, "ताई, हे नॅनोपार्टिकल (औषध वाहून नेणारे अतिसूक्ष्म कण, म्हणजेच नॅनोकॅरिअर) शरीरात साठून राहत नाहीत का?" याचं उत्तर पटकन देते, कारण मला बोलायचंय ते दुसऱ्याच गोष्टीवर.

हे कण बनवायला बहुतेक वेळा वापरतात ते पॉलिमर (लांब साखळीचा रेणू) म्हणजे पीएलजीए. लॅक्टिक आणि ग्लायकोलिक ॲसिडची साखळी, पाण्याने हळूहळू तुटते, आणि तुटून जे उरतं ते शरीर नेहमीसारखं पचवून टाकतं. ऑपरेशननंतर आपोआप विरघळणारे टाके असतात ना, ते याच घराण्यातले. पीएलजीएच्या सूक्ष्म गोळ्यांमधून हळूहळू सुटणारं ल्युप्रोलाइड या हार्मोनवरच्या औषधाचं इंजेक्शन अमेरिकेत १९८९ पासून आहे. तर साठून राहत नाहीत. झालं.

आता या कणांत भरायचं औषध. इमिक्विमोडची क्रीम १९९७ पासून त्वचेवर लावतात, रेसिक्विमोड त्याच्याच कुळातलं पण जास्त जोरकस. ही औषधं कॅन्सरच्या पेशीला हात लावत नाहीत, ती आपल्या इम्युन पेशींना जागं करतात. पण रेसिक्विमोडसारखा छोटा रेणू नुसता टोचला की थोड्याच वेळात रक्तातून सगळीकडे पसरतो आणि मग अख्खं शरीर एकदम जागं होतं, ताप, थंडी, अंगदुखी. म्हणून तो कॅरिअरमध्ये भरायचा.

आणि इथेच सगळे "औषध आत भरलं" म्हणून पुढे निघून जातात. अहो, भरणं सोपं आहे! ते आत राहायला पाहिजे ना.

मी प्रोजेक्टला होते तेव्हा स्वतः बनवलेत हे कण. बर्फात बीकर ठेवून सोनिकेटर (ध्वनिलहरींनी घुसळणारं यंत्र) लावायचा, दुधासारखं पांढरं पाणी तयार होतं, इतका आनंद होतो ते बघून. मग ते डायलिसिसच्या पिशवीत (कण आत राहतात, सुटं औषध बाहेर पडतं अशी बारीक छिद्रांची पिशवी) भरून ३७ डिग्रीच्या बफरमध्ये (पीएच कायम ठेवणाऱ्या द्रावणात) टाकलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाहेरच्या बफरचं रीडिंग घेतलं तर निम्म्याहून जास्त औषध बाहेर. कण शाबूत, पॉलिमर तुटायला अजून कित्येक आठवडे, आणि औषध मात्र पळालं, कारण बरंचसं नुसतं पृष्ठभागाला चिकटलेलं होतं. याला बर्स्ट रिलीज म्हणतात.

दुसरीकडून बघा. हे औषध ज्या रिसेप्टरला (पेशीला इशारा देणाऱ्या प्रोटीनला) जाऊन लागतं तो टीएलआर-७ पेशीच्या बाहेर नाहीये, आत एंडोसोम नावाच्या पिशवीत आहे. डेंड्रायटिक सेल, म्हणजे बाहेरच्या गोष्टी गिळून बाकीच्या इम्युन पेशींना सावध करणारी पेशी, कण गिळते आणि तो बरोब्बर त्याच पिशवीत जातो, किती सुंदर जमून आलंय हे! पण गिळायच्या आधीच औषध गळलं तर पेशीने गिळला तो रिकामा डबा.

अजून एकदा सांगते कारण हे डोक्यात बसायलाच हवं. साधारण २० ते १०० नॅनोमीटरचा कण त्वचेखाली टोचला तर लसिकेबरोबर (लिम्फ या द्रवाबरोबर) वाहत लिम्फ नोडपर्यंत, म्हणजे इम्युन पेशी जमतात त्या गाठीपर्यंत, जातो, सुटा छोटा रेणू मात्र जवळच्या रक्तवाहिनीत शिरतो. म्हणजे वाटेत गळती झाली की कण एकीकडे, औषध दुसरीकडे, आणि ताप परत आलाच. म्हणून हल्ली कित्येक जण औषध नुसतं कोंबत नाहीत, रासायनिक बंधाने पॉलिमरला बांधतात, आणि बंध असा निवडतात की एंडोसोममधल्या आम्लात, पीएच ५-६ ला, तुटेल.

कोणीतरी लिहिलंय, "पण कण तर सरळ ट्यूमरवरच जातात ना?" त्या मिसाइलवाल्या ॲनिमेशनचा मला खरंच राग येतो. २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्राण्यांवरचे प्रयोग एकत्र तपासले गेले, तेव्हा ट्यूमरपर्यंत पोचलेल्या डोसचा मध्यक निघाला ०.७ टक्के! बाकीचा बराचसा माल लिव्हर आणि प्लीहा उचलतात. पेशंटच्या घरचे लोक ती ॲनिमेशन बघून आशा लावतात हो. म्हणून इम्युनोथेरपीत बरेच जण थेट ट्यूमरमध्ये टोचतात किंवा लिम्फ नोड गाठायला बघतात.

स्टिंगवाल्या औषधांचं विचारलंय (स्टिंग हे इम्युन पेशींना जागं करणारं पेशीतलं आणखी एक प्रोटीन), तिथे भानगड अजून वाढते, कारण स्टिंग एंडोसोमच्या बाहेर आहे, म्हणजे गिळल्यावर औषधाला त्या पिशवीतून निसटावंही लागतं. त्याचा वेगळा व्हिडिओ करते.

तोवर कुठलाही पेपर उघडलात तर आधी रिलीजचा ग्राफ शोधा आणि पहिल्या २४ तासांत रेघ किती वर चढलीय ते बघा, आणि तो प्रयोग नुसत्या बफरमध्ये केलाय की सीरममध्ये (रक्तातल्या प्रोटीनवाल्या द्रवात) तेही बघा, कारण रक्तातली प्रोटीन्स औषध ओढून घेतात आणि बफरमध्ये नीट वागणारा कण तिथे गळायला लागू शकतो.