दम कशाने लागला?

[गोवा. वाळपईहून बांबोळीच्या मोठ्या इस्पितळाकडे निघालेली गाडी. काचेवर पाऊस.]

आषाढातली पहाट. सत्तरी तालुक्यातली एक आई आठ महिन्यांच्या बाळाला शालीत गुंडाळून निघालीय. "रात्रभर पोट उडतंय हो त्याचं." निदान तिने केव्हाच केलंय! डॉक्टर अंगडं वर करतात, घड्याळ लावून पुरा एक मिनिट श्वास मोजतात. ५८. या वयात ५० झाले की न्यूमोनिया धरायचा.

एक्स-रेत डाग आहे. रक्तात जंतू वाढले नाहीत. मग हा न्यूमोनिया कशाचा?

[नाकात जाणारी काडी, अगदी जवळून.]

काम काही सेकंदांचं, रडणं दहा मिनिटांचं. काडी नळीत, नळी बर्फाच्या डब्यात. पुढे पीसीआर चाचणी. विषाणूच्या जनुकाचा ओळखीचा तुकडा सापडला, तर त्याच्या कोट्यवधी प्रती निघतात. मेख आहे ती 'ओळखीचा' या शब्दात. यादीत ठरलेली नावं : आरएसव्ही (लहान मुलांची छाती धरणारा विषाणू), इन्फ्लुएन्झा, ॲडिनो... हजेरीत नाव नसलेला विषाणू समोर बसला असला, तरी रिपोर्ट निगेटिव्हच.

नेदरलँड्समध्ये वीस वर्षांत असेच २८ मुलांचे नमुने जमले होते. कोणत्याच यादीत न बसणारे, पण कुणी ते फेकून दिले नाहीत. २००१ साली त्यांतून विषाणू ओळखला गेला : ह्यूमन मेटान्यूमोव्हायरस. नवा कसला! १९५८ मधल्या रक्ताच्या नमुन्यांतही त्याच्याशी लढायला शरीराने बनवलेल्या अँटिबॉडीज निघाल्या.

पण नाकात सापडला म्हणजे छातीतला दोषी तोच, असंही नाही. २००५ मध्ये स्वीडनमध्ये सापडलेला बोकाव्हायरस धडधाकट मुलांच्या नाकातही महिनोन्‌महिने राहतो. म्हणून तुलनेला निरोगी मुलांचेही नमुने लागतात. हसत्या-खेळत्या पोराच्या नाकात काडी घालायला कोणती आई हो म्हणेल? आशिया-आफ्रिकेतल्या सात देशांत अनेकींनी म्हटलं. २०१९ मध्ये त्या अभ्यासाचा हिशेब आला : इस्पितळात दाखल झालेल्या, एक्स-रेत डाग असलेल्या मुलांत जवळजवळ तिसरा हिस्सा एकट्या आरएसव्हीचा.

[वॉर्ड. बाळाच्या नाकाला ऑक्सिजनची नळी.]

या बाळाच्या रिपोर्टातही आरएसव्हीच आला. "मग आता औषध कुठलं?" आई विचारते. या विषाणूवर नेहमी देण्यासारखं नेमकं औषध नाही. ऑक्सिजन, थोडं थोडं दूध, आणि पुन्हा मोजणी.

संध्याकाळी अंगडं पुन्हा वर होतं. ४६.