लग्न लागलं, पण सांगावा नाही

नमस्कार मंडळी. आज बोलायचंय कोर्टातल्या सौद्याबद्दल, म्हणजे ते प्ली बार्गेनिंग: आरोपीने गुन्हा कबूल करायचा आणि बदल्यात बोलणी करून शिक्षा कमी करून घ्यायची. पण आधी माझ्या आत्याची गोष्ट, ती सांगितल्याशिवाय माझी गाडी पुढे सरकतच नाही.

2017 ची गोष्ट. आत्या दळणाचा डबा कमरेवर घेऊन गिरणीतून येत होती आणि मागून एका बाइकवाल्याने तिला उडवलं. पीठ रस्ताभर, आत्या गटाराच्या कडेला, मांडीचं हाड मोडलं, रॉड टाकावा लागला. केस झाली आणि मग सुरू झाल्या तारखा. कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी ती पेन्सिलीने "कोर्ट" असं लिहून ठेवायची. साक्षीला गेली तर साहेब रजेवर, पुढची तारीख घ्या. त्या पुढच्या तारखेला बाई एक्स-रेची मोठी पिशवी घेऊन, काठी टेकत, दोन एसट्या बदलून सकाळी दहाला हजर. (कोर्टाच्या आवारात म्हाताऱ्या माणसांना बसायला चार धड बाकडी नसतात, हे माझं जुनं दुखणं आहे, पार्किंगला मात्र पेव्हर ब्लॉक बसवतात, असो.) पुकारा काही होईना. तीन वाजता आत जाऊन विचारलं, तर क्लार्क रजिस्टर चाळून म्हणाला, आजी, ही तर निकाली निघाली की, मधल्या शनिवारी स्पेशल ड्राइव्ह होता, त्याने गुन्हा कबूल केला, दंड भरला, गेला.

"दंड किती?"

"पंधराशे."

आत्या म्हणाली, "लग्नाला बोलवू नका हवं तर, पण लागलं म्हणून सांगावा तरी धाडायचा! मी वड्याची डाळ भिजत घालून आलेय."

आता गंमत ऐका. हे प्ली बार्गेनिंग नव्हतंच! आरोपीने सरळ गुन्हा कबूल केला तर पीडिताला कळवायलाच हवं असं बंधन नाही. पण प्ली बार्गेनिंगचा अर्ज आला, 5 जुलै 2006 पासून आपल्याकडे ती सोय आहे, तर कोर्टाला पीडिताला नोटीस काढावी लागते, बोलणी होतात त्यात पीडित बसतो, भरपाई मागू शकतो. परत सांगतो, सौदा असेल तर नोटीस, नुसती कबुली असेल तर नाही. सात वर्षांपेक्षा जास्त शिक्षेचे, बायकांवरचे आणि चौदाच्या आतल्या मुलांवरचे गुन्हे यात बसत नाहीत, आणि ते बरंच आहे.

1 जुलै 2024 ला फौजदारी केसेस कशा चालवायच्या याचा नवा कायदा आला, बीएनएसएस, म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहिता. त्यात पोलिसांनी 90 दिवसांत तपास कुठवर आलाय हे पीडिताला कळवायचं, मोबाइलवरही चालतं. आणि सरकारी वकिलाला केस मागे घ्यायची असेल तर पीडिताचं ऐकल्याशिवाय कोर्टाने परवानगी द्यायची नाही. म्हणजे माझं म्हणणं एवढंच, जिथे सरकार माघार घेतं तिथे विचारतात, जिथे आरोपी झटपट दंड भरून सुटतो तिथे फोनसुद्धा नाही, हे काही मला पटत नाही.

हे बदलेल तेव्हा बदलेल, तोवर एक करा. केसचा सोळा आकडी-अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे केसचा ओळख क्रमांक, मागून घ्या, ई-कोर्ट्सच्या अ‍ॅपवर टाका, तारीख आणि निकाल दोन्ही दिसतात. आत्याला हे नंतर सांगितलं तर म्हणाली, "आता काय सांगतोस, डाळ आंबून गेली."