तिकीट नाकारणारं ॲप आणि केस इंटरव्ह्यू

प्रॉडक्ट मॅनेजरच्या, म्हणजे ॲपसारख्या वस्तूत काय करायचं आणि काय नाही हे ठरवणाऱ्याच्या, मुलाखतीची तयारी म्हटली की मुलं आधी फ्रेमवर्क, म्हणजे उत्तराचे तयार साचे, पाठ करतात. सर्कल्स झालं, हार्ट झालं, आद्याक्षरांवरून नावं पडलेले असेच आणखी दोन-चार झाले. पाठ करा, हरकत नाही. पण समोरच्याचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर सुरू झालं की पाठांतर लगेच ओळखू येतं. म्हणून आज मी फ्रेमवर्कवर बोलणार नाही. एकच केस, म्हणजे मुलाखतीत सोडवायला देतात तसा खऱ्या वस्तूवरचा प्रश्न, घेऊ आणि तीच उकलू.

केस अशी: मुंबई लोकलचं तिकीट देणारं यूटीएस ॲप. २०१४ मध्ये मुंबईकरांच्या फोनवर आलं. २०२५ मध्ये रेल्वेने रेलवन नावाचं नवं ॲप आणलं, पण प्रश्न तोच राहतो. मुलाखत घेणारा म्हणतो, ‘ॲपवरून तिकीट काढणाऱ्यांची संख्या वाढवायची आहे. काय कराल?’

बहुतेक जण थेट उपाय सांगू लागतात: कॅशबॅक द्या, बटणं मोठी करा, मराठी भाषा आणा. थांबा. वाढवायची कोणाची संख्या? मुंबईच्या उपनगरी गाड्यांचे रोजचे प्रवासी ७० लाखांहून अधिक सांगतात. हा आकडा फेऱ्यांचा आहे. सकाळी डोंबिवलीहून निघालेला माणूस संध्याकाळी परतताना पुन्हा मोजला जातो. म्हणजे माणसं साधारण निम्मी. त्यांतून पासवाले काढा, कारण ते महिन्यातून किंवा तीन महिन्यांतून एकदाच तिकिटाचा विचार करतात. मग उरतो तो अधूनमधून प्रवास करणारा: केईएम रुग्णालयात नातेवाईक बघायला निघालेला, दादरला लग्नाच्या खरेदीला आलेला. त्याने ॲप चार महिन्यांपूर्वी उघडलेलं असतं आणि पासवर्ड आठवत नसतो. आता तुमच्यासमोर एक माणूस उभा राहिला. गेस्टिमेटचा, म्हणजे अशा अंदाजी हिशेबाचा, उपयोग एवढ्यासाठीच. आकडा बरोबर येतो की नाही याची समोरच्याला फारशी फिकीर नसते. तुम्ही कुठे भागलं आणि का भागलं, हे तो बघत असतो.

हा माणूस स्टेशनवर पोचतो, रांग बघतो, ॲप उघडतो, आणि ॲप म्हणतं, तुम्ही स्टेशनच्या आवारात आहात, तिकीट मिळणार नाही. इथे उमेदवाराचे डोळे चमकतात. सापडला अडथळा! ‘जीपीएसची ही अट काढून टाका, संख्या वाढेल.’

वाढेल, नक्की वाढेल. पण अट का घातली, हे विचारलंत का? आपल्या लोकलच्या स्टेशनांना तिकीट बघून आत सोडणारं फाटक नाही. कोणीही येतो, कोणीही चढतो. टीसी अधूनमधून भेटतो. कुठूनही तिकीट निघायला लागलं तर लोक फुकट बसतील आणि पुढच्या दारात टीसी दिसला की फोन काढतील. म्हणजे ती अट हेच फाटक आहे. मेट्रोला खरं फाटक आहे, म्हणून तिचं तिकीट व्हॉट्सॲपवरून घरबसल्या काढलं तरी कोणाचं काही बिघडत नाही. एवढी तुलना तुम्ही आपणहून केलीत, तर मुलाखतीचा रंग बदलतो.

पूर्वी उलट बाजूलाही एक अट होती: स्टेशनपासून फार लांब असाल तरी तिकीट मिळत नसे. ती रेल्वेने २०२४ मध्ये काढून टाकली. आवारातली बंदी ठेवली. दोन्ही अटी जीपीएसच्याच. पण एकीमुळे चोरी अडत होती, दुसरीमुळे ग्राहक. नेमकं हे वेगळं करणं म्हणजे आपलं काम.

मग आवारात उभ्या असलेल्या प्रामाणिक माणसाचं काय? त्याच्यासाठी स्टेशनवर क्यूआर कोड लावले: स्कॅन करा, तिकीट घ्या. लोकांनी त्या कोडचेच फोटो काढले आणि गाडीत बसून स्कॅन करू लागले. (या शहराची कल्पकता वाया जाते, असं कोणी म्हणू नये.) आता पुढे? स्क्रीनवर सतत बदलणारा कोड लावा, तर इतक्या स्टेशनांवर स्क्रीन बसवायचा आणि सांभाळायचा खर्च आला. तिकीट काढल्यावर दहा मिनिटांनी लागू करा, तर समोर उभी असलेली ९.१२ ची फास्ट चुकलेला माणूस शिव्या देईल. टीसीच्या यंत्रावर तिकीट काढल्याची वेळ ठळक दाखवा, तर वाद वाढतील, पण खर्च कमी. मी तिसऱ्यापासून सुरुवात करीन. तुम्ही दुसरं काही निवडलंत तरी चालेल; निवडा मात्र, आणि काय गमावताय ते आपल्याच तोंडाने सांगा.

मेट्रिक, म्हणजे यश कशाने मोजाल, हे विचारलं की एकच आकडा देऊ नका. ॲपवरची तिकिटं वाढली, तर त्याच्या शेजारी विनातिकीट सापडणाऱ्यांचं प्रमाण ठेवा. तपासणी किती झाली तेही बघा, नाहीतर टीसी रजेवर गेले की प्रामाणिकपणा वाढल्याचा भास होईल.

सरावाबद्दल थोडं. एका दिवसात दहा केस सोडवू नका. एक घ्या आणि स्टेशनवर जाऊन तासभर उभे राहा. एटीव्हीएम, म्हणजे आपलं आपण तिकीट काढायच्या यंत्राजवळ तुम्हाला निवृत्त रेल्वे कर्मचारी दिसतील, स्मार्ट कार्ड लावून लोकांना भराभर तिकिटं काढून देणारे. खिडकीवरचा माणूस कमी व्हावा म्हणून यंत्र आणलं आणि यंत्राशेजारी माणूस उभा करावा लागला. का, ते रांगेतल्यांना विचारा. मग मित्राला समोर बसवून ती केस मोठ्याने सोडवा. त्याला दर दोन मिनिटांनी ‘का?’ विचारायला सांगा.

इंग्रजीची धास्ती असलेल्यांनी कच्चा कागद खुशाल मराठीत लिहावा. विचार करायला एक मिनिट मागून घ्या, ते मिळतं. आणि केस अशा वस्तूची आली की जी तुम्ही कधी वापरलेलीच नाही, तर तसं सरळ सांगा, ‘ही कोण वापरतं आणि पैसे कोण देतं?’ असं विचारा, आणि पुढचं उत्तर येईपर्यंत गप्प बसा.